चैत्रातले बाजार : चाकण ते नाणेघाट

शनिवार : चाकण, नारायणगाव

शनिवारी चाकण, रविवारी जुन्नर, सोमवारी बेल्हे. उत्तर पुणे जिल्ह्यातल्या फिरत्या व्यापाऱ्याचा आठवडा असा वारांनी बांधलेला असतो. आम्हीही त्याच क्रमाने निघालो. मी समाजशास्त्र शिकवते. सोबत माझी पीएचडीची विद्यार्थिनी, मूळची ओतूरची. तिचा विषय आहे बाजारातली उधारी.

इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी आठवडे बाजारांचा केलेला अभ्यास डेक्कन कॉलेजने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. इरावतीबाई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेल्या. आदिवासी, ग्रामीण आणि नागरी अशा तीन परिसरांत आठवड्याचा बाजार काय काम करतो, हा त्या अभ्यासाचा विषय. मला ती मांडणी आजही मोलाची वाटते, कारण बाजाराचा अभ्यास म्हटला की आपण आधी भाव विचारतो आणि माणसं नंतर बघतो. चाकणपासून नाणेघाटापर्यंतच्या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात हे तिन्ही परिसर एकापाठोपाठ एक येतात, म्हणून ही वाट.

चाकणला पोचलो तेव्हा जनावरांचा बाजार भरात होता. टेम्पोतून शेळ्या उतरत होत्या, म्हशींच्या दावणी लागल्या होत्या, आणि बाहेरच्या रस्त्यावर कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग. कांदा-बटाट्याची मोठी उलाढाल इथं जुनीच. वाहन उद्योग त्यामानाने काल-परवा आला. पण त्याने बाजाराचं गिऱ्हाईक बदलून टाकलं. भाजीच्या ओळीत अर्ध्याहून जास्त बोलणं हिंदीत चाललेलं. मराठवाड्यातली, बिहारमधली, उत्तर प्रदेशातली तरुण पोरं पाव-अर्धा किलोने घेतात, मोबाइलवरून पैसे देतात आणि निघतात.

खेड तालुक्यातून माळवं घेऊन येणाऱ्या एका मावशींना विद्यार्थिनीने विचारलं, "यांना उधार देता का?"

"गावच्या माणसाला देते. ह्या पोरांना कशी देऊ? वाईट न्हाईत, पर महिन्याला खोली बदलत्यात. कुठं हुडकायचं?"

त्यांच्या टोपलीला क्यूआर कोडचा पुठ्ठा सुतळीने बांधलेला होता. रोखीच्या, झटपट व्यवहाराला आपण आधुनिक म्हणतो. मावशींच्या हिशेबात तो ज्यांचा पत्ता माहीत नाही अशांसाठी आहे.

चाकणला फार थांबलो नाही. दुपारी नारायणगावला आलो. इथल्या टोमॅटोच्या उपबाजाराबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, पण चैत्रात नारायणगावला यायचं ते राहुट्या बघायला. बसस्थानकाच्या परिसरात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येकीवर फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, टेबल, भिंतीला लावल्यासारखी टांगलेली पोस्टरं आणि व्यवस्थापकाची डायरी. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुट्या फिरतात आणि आपल्या यात्रेसाठी फड ठरवतात. त्याला सुपारी देणं म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच, आणि या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. कलेचा असा उघड, ठरलेल्या जागी, ठरलेल्या हंगामात भरणारा बाजार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एका राहुटीत बसू दिलं. पारनेर तालुक्यातल्या एका गावचे पंच आले होते. चौघं जण, टोप्या, त्यात एक तरुण शर्टाच्या खिशात वर्गणीची यादी घेऊन. चहा आला. पैशांचं कुणी बोलेना. पंचांनी विचारलं, वग, म्हणजे तमाशातलं नाटक, कुठलं लावणार? गाणी नवी आहेत की मागच्याच सालची? सकाळच्या हजेरीला पूर्ण संच थांबणार का? यात्रेत रात्री तमाशा, सकाळी हजेरी, म्हणजे त्याच फडाचा दिवसाचा कार्यक्रम, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, हा क्रम. हजेरीला अर्धा फड पुढच्या गावाला निघून गेला तर गावकरी पंचांना धारेवर धरतात. मग व्यवस्थापकांनी विचारलं, बायांच्या राहण्याची सोय शाळेत की मंदिरात? पाण्याचं काय? स्टेजला आडोसा आहे ना? दारू पिऊन राडा करणारं कुणी आहे का? आणि मग, जरा थांबून, "तुमच्या शेजारच्या गावानं गेल्या साली आमचे पैसे पूर्ण दिले, पर पहाटे तीनला. बायांना उपाशी बसावं लागलं."

एवढं झाल्यावर तारीख निघाली. तारखेवरच सगळं असतं. चैत्री पौर्णिमेच्या आसपास असंख्य गावांच्या यात्रा एकदम येतात, फड मोजकेच, त्यामुळे त्या दिवसांची सुपारी चढते; आडवाराची उतरते. आकडा बोलला गेला, थोडा खाली आला, कागद झाला, विसार दिला गेला. आकड्यावरची घासाघीस चहाचा दुसरा कप संपायच्या आत आटोपली. त्याआधीची चौकशी तासभर चालली होती.

फडाचा पैसा कसा फिरतो तेही व्यवस्थापकांनी मोकळेपणाने सांगितलं. हंगामाच्या सुरुवातीला कलावंतांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते. ती देण्यासाठी फडमालक कर्ज काढतो. ते फिटतं चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर. २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी या दिवसांच्या तोंडावर. पुढच्या सालीही यात्रा झाल्या नाहीत. उचल दिलेली, कर्ज डोक्यावर, आणि सुपारी एक नाही. तरी ज्यांनी उचल घेतली होती त्यातली बहुतेक माणसं पुढे त्याच फडात परत आली, असं ते म्हणाले. ढोलकीवाले शेजारीच बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "अंगावर पैसं असताना दुसऱ्या राहुटीत बसायचं कसं?"

कर्जाने बांधलेली ही निष्ठा आहे, आणि तिच्यात शोषणही आहे. उचलीखाली वर्षानुवर्षं अडकलेली माणसं मला माहीत आहेत. पण तेवढंच म्हणून थांबलं तर दोन बंद हंगामांनंतर हे फड पुन्हा कसे उभे राहिले ते कळणार नाही.

रविवार : जुन्नर

जुन्नरचा बाजार सकाळी लवकर बघावा. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातली, घाटघर-आपटाळे भागातली महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं पहिल्या गाडीने येतात आणि दुपारच्या गाडीने परततात. येताना पाटीत गावठी अंडी, पायाला बांधलेल्या कोंबड्या, चिंच, थोडा हिरडा. जाताना मीठ, मिरची, गूळ, तेल आणि सुकट.

सुकटीच्या ओळीतच आम्ही सकाळ काढली. बोंबील, वाकट्या, जवळा, खारं. माल वसई-उत्तनकडचा. तिथल्या किनाऱ्यावर वाळलेला बोंबील माळशेज घाट चढून इथं येतो. चैत्र-वैशाखात खरेदी जोरात असते, कारण पावसाळ्याची बेगमी करायची असते. डोंगरातल्या घरात आषाढ-श्रावणात भाजी नसते, बाहेर पडवत नाही, तेव्हा नाचणीच्या भाकरीबरोबर हेच.

ओळीच्या टोकाला एक आजी बसतात. त्यांची जागा त्यांच्या सासूची. नगरपालिकेची बाजाराची पावती दर बाजाराला फाटते, पण पावतीवर जागा लिहिलेली नसते. जागा बाजाराने मानलेली असते. आजी आजारी पडल्या तेव्हा शेजारणीने तिथं आपलं गोणपाट पसरलं नाही, रिकामी ठेवली. मी विचारलं, दुसरी कुणी बसली असती तर? त्यांना प्रश्नच समजला नाही. "कशी बसंल? आमचीच हाय ना."

एक डोंगरातली बाई आली, वयाने चाळिशीची असेल. उकिडवी बसली. बोंबील हातात घेऊन वाकवून पाहिला, वास घेतला, बाजूला ठेवला. जवळ्यात बोटं घालून वाळू किती ते चाचपलं. मग दोघी बोलायला लागल्या त्या भावाबद्दल नव्हे. हिची मुलगी ओतूरकडे दिलेली, तिला दिवस गेलेत. आजींना ते आधीच कळलं होतं, कारण ओतूरचा बाजारही त्या करतात आणि मुलीची सासू तिथं त्यांच्याकडून सुकट घेते. आजींनी निरोप दिला, बाईने उलट निरोप दिला. मग माप भरलं. वर एक मूठ जास्तीची टाकली. पैसे थोडेच दिले गेले.

"बाकी?"

"भाताला."

भाताला म्हणजे कार्तिकात, पीक निघाल्यावर. सहा-सात महिन्यांची उधारी, वही नाही, व्याज नाही. विद्यार्थिनीने किती जणींकडे असं येणं आहे ते विचारलं, तेव्हा आजी घडाघडा वाड्यांची नावं सांगत गेल्या, प्रत्येक वाडीतल्या बाया, कुणाकडे किती. लिहून घेताना तिची दमछाक झाली. आणि बुडवतं का कुणी? "मरतंय कुणी कुणी. त्याचं काय घ्यायचं?"

मला इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. या आजींचा धंदा जवळ्यावर जितका आहे तितकाच या माहितीवर आहे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा मुलगा मुंबईला लागला, कुणाच्या भातावर रोग पडला, हे त्यांना माहीत असतं म्हणून त्या उधार देऊ शकतात. निरोप पोचवणं हा त्यांच्या व्यापाराचाच भाग आहे. बाजारातल्या गप्पा वजा करून बाजाराचा अभ्यास करायला गेलो तर हातात फक्त दराचं कोष्टक उरतं.

ऊन कलल्यावर लेण्याद्रीला गेलो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. ही लेणी घाटवाटांच्या आणि व्यापारी मार्गांच्या काठाने का आहेत, हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी पायी हिंडून मांडलं. पेशाने गणिती असलेल्या माणसाने हातात काठी घेऊन हा मुलूख वाचला, याचं मला फार अप्रूप आहे. जुन्नरच्या शिलालेखांत दान देणारे राजे कमी, कामधंदा करणारे पुष्कळ. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे एका धंद्यातल्या लोकांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलेलं आहे. इरिल, चिट, चंद अशा नावांच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं आहेत. आणि एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांकडे आणि काशाचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्यातून महिन्याला ठरावीक रक्कम मिळत राहायची.

बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांकडे पैसे ठेवायचे आणि त्यांनी पिढ्यानपिढ्या त्याचं उत्पन्न द्यायचं! आज बुरूडकाम करणाऱ्याला बँक कर्ज देताना दहा कागद मागते. सकाळी बाजारात सुपं आणि पाट्या विकणारं जे कुटुंब भेटलं, त्यांचा माल संध्याकाळपर्यंत खपला नाही तर परतीच्या भाड्याची पंचाईत. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी याच गावात त्यांच्याच धंद्यातल्या लोकांची पत अशी होती की दानाचा पैसा विश्वासाने त्यांच्या हाती दिला जाई. ती पत कशी गेली, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नुसतं प्लास्टिकच्या टोपल्यांत सापडणार नाही. कारागिरांची श्रेणी जाऊन जात उरली, त्या लांब काळात ते शोधावं लागेल.

सोमवार : बेल्हे

आळेफाट्यावरून नगरच्या दिशेने गेलं की बेल्हे. इथला सोमवारचा बैलबाजार नावाजलेला. पारनेर, संगमनेर, शिरूर तालुक्यांतून माणसं येतात. उन्हाने जमीन तापायच्या आत निम्मे सौदे उरकतात.

बैल बघणं हे फार निगुतीचं काम आहे. आधी लांबून चाल बघायची. मग शिंगं, खुर, खांदा. अंगावरचे भोवरे बघायचे, कारण कुठला भोवरा लाभतो आणि कुठला घरात ठेवू नये हे ठरलेलं असतं. मग एक जण वेसण धरतो, दुसरा ओठ वर करून दात बघतो. दुधाचे दात असतील तो आदत, दोन दात आले तो दुसा, चार आले तो चौसा, सगळे आले की जुळला.

हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, दोन्ही बाजूंना ओळखणारे. तरुण मंडळी आता आकडा तोंडाने बोलतात. जुने हेडी अजून उपरण्याखाली हात घालतात. असा एक सौदा अगदी जवळून पाहता आला. एक खिलारी दुसा, पांढराशुभ्र, शिंगांना नुकतंच तेल लावलेलं. हेड्याने खांद्यावरचं उपरणं सोडलं, त्याचा आणि घेणाऱ्याचा हात त्याखाली गेला. तोंडाने बोलणं चाललं होतं विहिरीच्या पाण्याचं. उपरणं मात्र हलत होतं. धरलेली बोटं म्हणजे आकडा, सबंध पंजा म्हणजे पाच. तो हजारांत की दहा हजारांत हे बैल बघून दोघांनाही कळतं. घेणाऱ्याने हात काढून घेतला, मान फिरवली. हेडी मालकाकडे गेला, त्याच्याशी पुन्हा उपरण्याखाली. असं तीन-चार वेळा. शेवटी मालकाने नुसतं आकाशाकडे पाहिलं आणि हेड्याने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले.

हे लपवणं कशासाठी, असं विद्यार्थिनीने नंतर विचारलं. हेडीकाकांचं उत्तर सरळ होतं. "माझा बैल साठाला गेला हे सगळ्यांनी ऐकलं, तर शेजारच्याचा पंचावन्नाचा बैल बी साठच मागंल. आन् ज्याला नड हाय म्हणून त्यानं पंचेचाळीसला दिला, त्याची अब्रू जाईल." भाव झाकल्याने हेड्याचा फायदा होतो हे खरंच आहे, दोन्ही आकडे त्यालाच ठाऊक असतात. पण अडलेल्या शेतकऱ्याची नड चारचौघांत उघडी पडत नाही, हेही तितकंच खरं.

मग विसार दिला गेला. बाकीची रक्कम पुढच्या सोमवारी. बैल आज घेऊन जायचा, औताला धरून बघायचा. खोड निघाली, मारका किंवा बसका निघाला, तर सोमवारी परत. या सगळ्याला कागद नाही. मधे हेडी आहे, तोच जामीन. मालकिणीने बैलाला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला. मालकाने स्वतःची म्होरकी सोडून घेतली आणि घेणाऱ्याने आपली नवी घातली.

या बाजाराने गेल्या काही वर्षांत पुष्कळ सोसलं आहे. ट्रॅक्टर आले ते आलेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाड्यांच्या शर्यती थांबल्या. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. पूर्वी थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घेतला जायचा. ती साखळीच तुटली. कायद्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण दोन एकरवाल्याने न चालणारा बैल वर्षानुवर्षं कशावर पोसायचा हे बाजारात उभं राहून विचारायला हवं होतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, २०२३ च्या मेमध्ये ती कायम झाली, आणि पळणाऱ्या खोंडांचे भाव कुठल्या कुठे गेले. औताच्या बैलाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. एकाच दावणीला आता दोन वेगळे बाजार उभे आहेत.

मधे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लम्पी या जनावरांच्या साथीच्या त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार बंद ठेवले होते. तेव्हा फोनवर फोटो पाठवून सौदे होऊ लागले. ते टिकले का, असं मी विचारलं. हेडीकाका म्हणाले, "झाले थोडे. पर फोटूवाल्याकडं सोमवारी बैल परत नेता येत न्हाई."

मंगळवार : नाणेघाट

आज बाजार नव्हता. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाला आलो. उजाडता उजाडता पोचलो तरी वारा असा की उभं राहवत नव्हतं. समोर कोकण, खाली वैशाखरे, मुरबाड, पुढे कल्याण. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं परंपरेने सांगतात. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञांची आणि दक्षिणांची ती यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणं. ब्राह्मी अंकांच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये हा लेख गणला जातो. विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला तो १८२८ मध्ये आढळला. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती इथं कोरलेल्या होत्या. आता वरची नावं आणि खाली थोडे पाय राहिले आहेत.

राजाचं वैभव घाटाच्या तोंडाशी कोरलं, कारण माणसं येणार-जाणार ती इथूनच. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. त्याने इथं पाण्याचं टाकं दिलं, एवढंच लेख सांगतो. सोपारा म्हणजे वसईजवळचं नालासोपारा. काल-परवा ज्या किनाऱ्यावरचा बोंबील जुन्नरच्या बाजारात पाहिला, तोच. बंदराकडच्या माणसाने घाट चढून आलेल्यांच्या तहानेची सोय केली. टाक्यात आजही पाणी होतं.

परतताना घाटघरला एका घरी थांबलो. अंगणात बाळहिरडा वाळत पसरलेला, काळपट, सुरकुतलेला. हा औषधाला जातो. फांदी हलवून, वेचून, उन्हात वाळवून, एवढ्या कष्टांवर या डोंगरातल्या घरांचा उन्हाळ्याचा पैसा उभा असतो. आदिवासींची व्यापाऱ्यांकडून होणारी लूट थांबावी म्हणून १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे १९७६ च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली, म्हणजे माल व्यापाऱ्याने नव्हे, महामंडळानेच घ्यायचा. तो हेतू योग्यच होता आणि आजही आहे. पण अंगणातल्या ताईंचा हिरडा जुन्नरच्या एका व्यापाऱ्याकडे जाणार होता.

विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, भाव काय ठरलाय?"

"भाव रविवारी कळंल."

"मग त्यालाच का देणार?"

त्यांनी ओटीवरच्या गोणपाटाच्या घडीकडे बोट केलं. श्रावणात घरात दाणा नव्हता, तेव्हा त्याने तांदूळ दिला होता. पुढं थोरल्याच्या दवाखान्याला पैसे दिले. फाल्गुनात रिकामी पोती पाठवून दिली. "पोती त्याचीच हायेत," ताई म्हणाल्या, आणि हिरडा हाताने परतायला लागल्या.

यातली मदत किती आणि फास किती, हे अंगणात बसून सांगता येत नाही. त्यासाठी तांदूळ कुठल्या दराने लावला आणि हिरडा कुठल्या दराने धरला हे बघावं लागेल. जुन्नरला उतरल्यावर विद्यार्थिनी त्या दुकानात गेली. येत्या रविवारी तराजूशेजारी बसायला आणि वहीतली श्रावणापासूनची पानं बघायला त्या गृहस्थांनी होकार दिला आहे.